सीमाभागातली माणसं दुसऱ्यांची सीमा बघायला जातायत – काय बघावं, कसं बघावं?

शहापूरची_बाई

नमस्कार सगळ्यांना. मुलगी आइंडहोवनला नोकरीला आहे, एप्रिलच्या शेवटी मी आणि आमचे हे तिच्याकडे जाणार, शेंगेन व्हिसाची कागदं जमवणं चालू आहे. नातेवाईकांनी टूरवाल्यांच्या याद्या पाठवून पाठवून फोन भरलाय, पॅरिस, ट्युलिप, स्वित्झर्लंडचा बर्फ, सगळं आठवड्यात उरकायचं. मला तसं नकोय. मी बेळगावात मराठी हायस्कूलला इतिहास शिकवत रिटायर झाले, आणि आपल्या इथं इतिहास पुस्तकात कमी आणि गल्लीत जास्त असतो हे तुम्हाला सांगायला नको. १७ जानेवारीला, १९५६ च्या सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिवशी, हुतात्मा चौकात उभं राहत मोठी झाले, वडील सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या अहवालातली गावांची यादी पाठ म्हणायचे, २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला, आणि आता २००४ पासून सुप्रीम कोर्टात ह्या वादाचं काय चाललंय ते आपण बघतोच आहे.

तर माझ्या डोक्यात असं आहे की एवढं लांब जातोच आहे तर भाषेवरून ज्यांची गावं इकडची तिकडं झाली असे लोक जगात अजून कुठं आहेत, ते कसे राहतात, शाळा कुठल्या भाषेत, पाट्या कुठल्या, बँकेत कुठल्या भाषेत बोलतात, हे बघावं. मुलगी म्हणते बेल्जियम आमच्यापासून अगदी जवळ आहे आणि तिथंच हे सगळं भरलेलं आहे. खरं मला एक भीती वाटते. आपल्याकडे कोण बाहेरचा येऊन "तुमचा वाद काय हो" असं विचारून दोन फोटो काढून गेला की कसं वाटतं ते मला ठाऊक आहे, तसं मला त्यांच्याशी करायचं नाही. कुठं जावं, कुणाशी कसं बोलावं, राहायचं-खायचं कुठं म्हणजे पैसे त्याच गावातल्या माणसाच्या हातात पडतील, हे कुणी सांगू शकेल का? यांचे गुडघे दुखतात, फार चढ नको. आणि आम्ही शाकाहारी.

खानापूरचा_ल्यूवेनमध्ये

बाई नमस्कार, मी मूळचा खानापूर तालुक्यातला, सध्या ल्यूवेनला असतो. तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, इथं येणारे पाहुणे ब्रुसेल्सचा चौक आणि चॉकलेटची दुकानं बघून परत जातात आणि ज्या गोष्टीवर हा अख्खा देश उभा आहे ती त्यांना दिसतच नाही.

थोडक्यात सांगतो. उत्तरेला फ्लँडर्स, डच बोलणारा, दक्षिणेला वालोनिया, फ्रेंच बोलणारा, मध्ये ब्रुसेल्स दोन्ही भाषांचं, आणि पूर्वेला कोपऱ्यात थोडे जर्मन बोलणारे. आपल्याकडे भाषावार प्रांत १९५६ ला झाले ना, इथं भाषेची सीमा कायद्यानं १९६२-६३ ला पक्की केली, म्हणजे आपल्यानंतर. आणि ती पक्की करताना जे झालं ते वाचताना मला सारखं आपलं घर दिसत होतं. गावातले लोक कुठली भाषा बोलतात हे आधी जनगणनेवरून ठरायचं, मग जनगणनेवरच भांडण सुरू झालं, आणि शेवटी जनगणनेत भाषा विचारणंच बंद करून टाकलं. सीमेवरच्या काही गावांना 'सवलतीची गावं' केलं, अशी २७ आहेत, तिथं अल्पसंख्य भाषेच्या माणसाला सरकारी कागद त्याच्या भाषेत मागता येतो. आपण मराठीत परिपत्रकं द्या म्हणून किती वर्षं निवेदनं देतोय ते आठवा म्हणजे ह्या सवलतीचं मोल कळेल, आणि तरीसुद्धा इथं त्यावरून कोर्टकचेऱ्या चालूच असतात, म्हणजे नियम असला की प्रश्न सुटला असं नाही.

तुम्ही बघायलाच पाहिजे असं गाव म्हणजे फूरेन, फ्रेंच लोक त्याला फुरों म्हणतात. सहा खेडी आहेत, साधारण चार हजार वस्ती, सफरचंदाच्या आणि चेरीच्या बागा, लहान नदी, हिरव्या टेकड्या, आपल्या खानापूर-जांबोटी बाजूची आठवण येईल असा भाग. १९६३ ला ही खेडी लिएज ह्या फ्रेंच प्रांतातून काढून लिम्बुर्ख ह्या डच प्रांताला जोडली. मजा नाही, त्रास बघा, १९३० च्या जनगणनेत तिथं डचवाले जास्त आणि १९४७ च्या जनगणनेत फ्रेंचवाले जास्त, आता खरं काय मानायचं? घरात तर लोक तिसरीच बोली बोलायचे जी दोन्हींतल्या कुठल्याच पुस्तकात बसत नाही. पुढं जोझे हापार नावाचा फ्रेंच बोलणारा माणूस तिथं नगराध्यक्ष झाला, डच येतं का ते दाखव म्हणाले तर त्यानं नकार दिला, आणि ते प्रकरण एवढं वाढलं की १९८७ ला पंतप्रधान मार्टेन्स यांचं सरकार पडलं. चार हजार वस्तीच्या सहा खेड्यांवरून देशाचं सरकार पडतं हे बेळगावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आता तिथं शांत आहे. गावाच्या नावाच्या पाट्यांना डांबर फासायचे ते दिवस मागे पडले. बाहेरून विशेषतः हॉलंडमधून लोक राहायला आले, त्यांनाही स्थानिक मतदान करता येतं, त्यामुळे २००० सालापासून पंचायतीत पारडं डचवाल्यांकडे झुकलं. ते बघून काही जुने फ्रेंच बोलणारे म्हातारे अजून नाराज आहेत आणि त्यांची नाराजी खोटी नाही. आइंडहोवनहून मास्ट्रिख्टला थेट रेल्वे आहे, तासाभराची, तिथून फूरेन अगदी जवळ. मुलीकडे गाडी असेल तर उत्तम, सरांच्या गुडघ्यांना त्रास नाही, नदीकाठचा रस्ता सपाट आहे.

बोलायचं कसं म्हणालात. फ्लँडर्समध्ये फ्रेंचनं सुरुवात करू नका, वालोनियात डचनं करू नका, दोन्हीकडे आधी इंग्रजीत नमस्कार करा आणि "मी पण अशाच एका गावची आहे" हे सांगा. मी एवढं सांगितलं की समोरचा माणूस खुर्ची ओढून बसतो, हा माझा अनुभव आहे. मग तो विचारतो की तुमच्याकडे कसं. तुम्ही आधी आपलं सांगा, त्याला प्रश्न नंतर विचारा. प्रश्न पण "कोण बरोबर" असा नको, "तुम्ही शाळेत कुठल्या भाषेत शिकलात, आईशी काय बोलायचात" असा विचारा. कॅमेरा खिशात.

राहायला तिथं घरगुती खोल्या मिळतात, सकाळचा नाश्ता घरचीच बाई देते, मोठ्या बुकिंग ॲपवरून न करता त्यांच्याच नंबरवर फोन करून सांगितलं तर कमिशन वाचतं आणि सगळे पैसे घरात राहतात. बागवाल्यांकडून सफरचंदाचा गोड काढा, 'सिरप' म्हणतात, पावाला लावून खायचा, आपल्या काकवीसारखा घट्ट, तो घ्या.

शाकाहारींसाठी एक महत्त्वाचं. बेल्जियमचे तळलेले बटाटे बघून खूश होऊ नका, पुष्कळ ठिकाणी ते गाईच्या चरबीत तळतात. आधी विचारा. गेंट शहरात सोपं जाईल, त्या शहरानं २००९ पासून गुरुवार हा शाकाहाराचा दिवस म्हणून सुरू केला, तिथं चांगली शाकाहारी हॉटेलं आहेत.

आणि ल्यूवेनला याच. इथलं विद्यापीठ भाषेवरून १९६८ ला फुटलं, त्याही वेळी सरकार पडलं होतं. फ्रेंच भाग उचलून दक्षिणेला शेतात नवं गावच वसवलं, लुव्हाँ-ला-नव्ह. ग्रंथालयाची वाटणी करताना पुस्तकांचे विषम नंबर एकाला आणि सम नंबर दुसऱ्याला, म्हणजे एकाच मासिकाचे काही खंड इकडे आणि काही तिकडे. हेच ग्रंथालय १९१४ ला जर्मन सैन्यानं जाळलं, लोकांनी जगभरातून पैसे आणि पुस्तकं गोळा करून परत उभं केलं, १९४० ला परत जळलं, परत उभं केलं, आणि मग आपल्याच माणसांनी नंबर मोजून वाटून घेतलं. मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा बराच वेळ नुसता उभा होतो. आज मात्र दोन्ही विद्यापीठांचे प्राध्यापक एकत्र संशोधन करतात, हेही सांगितलं पाहिजे.

निपाणीकर_विजय

ताई, बार्ले बघाच. आइंडहोवनहून ब्रेडा, ब्रेडाहून बस. हॉलंडच्या पोटात बेल्जियमचे २२ तुकडे आहेत आणि त्यातल्या काही तुकड्यांच्या पोटात परत हॉलंडचे तुकडे. फरशीवर पांढऱ्या फुल्या मारलेल्या आहेत, एका बाजूला बेल्जियम एका बाजूला नेदरलँड. घराच्या पुढच्या दारावरून ठरतं की घर कुठल्या देशात, म्हणून घराच्या नंबराच्या पाटीवर त्या देशाचा झेंडा असतो. मध्ययुगात दोन सरदारांनी जमिनी वाटून घेतल्या तेव्हापासूनचं हे, १८४३ ला दोन देशांनी सीमा ठरवली तेव्हा एवढाच भाग सुटेना म्हणून तसाच ठेवला, शेवटचा हिशोब १९९५ ला पुरा झाला.

खरं मला तिथं जास्त काय आवडलं सांगू, गंमत म्हणून लोक फुलीवर पाय ठेवून फोटो काढतात ते ठीक आहे, पण दोन पंचायती एकाच गावात कसं काम वाटून घेतात ते. रस्ता उकरायचा तर दोघांची परवानगी, कचरा, पाणी, दिवे, सगळ्यासाठी एकत्र बसावं लागतं. ग्रंथालय एकच, दोन्हीकडच्यांचं. भाषा दोन्हीकडे डच आहे म्हणून सोपं गेलं असं कोणी म्हणेल, बरोबर आहे, पण तरी शिकण्यासारखं आहे. निपाणीत आमचा माल कोल्हापूरला, पोरं शिकायला कोल्हापूरला, सोयरीक कागल-गडहिंग्लजला आणि सातबारा बेंगळूरच्या हिशोबानं, आम्हाला असलं काहीतरी पाहिजे आहे.

पहिल्या महायुद्धात जवळजवळ सगळा बेल्जियम जर्मनांनी घेतला पण हे तुकडे हॉलंडच्या आत, आणि हॉलंड तटस्थ, त्यामुळे जर्मनांना तिथं पोचता आलं नाही. बेल्जियमनं तिथं वायरलेस केंद्र चालवलं. हे गावातल्या कुणालाही विचारलं की अभिमानानं सांगतात.

सगळ्या टुरिस्ट बस दुपारी येतात. सकाळी लवकर जा किंवा संध्याकाळी थांबा, कॉफी गावातल्या माणसाच्या हॉटेलात प्या.

वडगाव_पॉवरलूम

बाई राग मानू नका, खरं मला हे पटत नाही. जन्मभर आपण हेच केलं, मोर्चे, बंद, केसेस, घरात कोण ना कोण लाठी खाल्लेला. मुलीनं बोलावलंय तर चार दिवस सुखानं फिरा, केउकेनहोफची ट्युलिप बाग मे च्या मध्यापर्यंत उघडी असते ती बघा, सरांना बोटीत बसवा. दुसऱ्यांची दुखणी बघून आपलं दुखणं कमी होतं काय? आणि त्यांचं सुटलं, आपलं नाही सुटलं, हे बघून उलट जीव जळेल.

शहापूरची_बाई

दादा राग कशाचा, तुमचं म्हणणं मनापासून आहे. ट्युलिप बघणारच आहोत, तिकीट मुलीनं काढलंय. माझं एवढंच आहे की आम्ही शाळेत असताना हा वाद फक्त आपलाच आहे, जगात दुसऱ्या कुणाला असं सोसावं लागत नाही, असं वाटायचं, आणि त्या वाटण्यानं माणूस एकटा पडतो. त्यांनी काय केलं, कुठं फसले, कुठं जमलं, हे बघितलं तर मला वाटतं विचार करायला जागा मिळते. फूरेनबद्दल वरती वाचून मला तर काल झोप लवकर लागली नाही, जनगणनेचं ते वाचून. आपल्याकडेही १९५१ ची जनगणना धरायची की नंतरची, ह्यावरच तर सगळं अडलेलं.

चिकोडीची_अक्का

बाई, मी कन्नड घरातली. शाळा कन्नड, मराठी गल्लीत आणि एसटीत शिकले, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या. तुमचा प्रश्न मला फार आवडला, म्हणून लिहितेय.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. तुम्ही फूरेनला गेलात की तुमचं मन आपोआप फ्रेंच बोलणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जाणार, कारण त्यांचं गाव त्यांना न विचारता दुसऱ्या प्रांतात गेलं. मी गेले असते तर माझं मन डच बोलणाऱ्यांकडे गेलं असतं, कारण शंभर-दीडशे वर्षं त्या देशात फ्रेंच ही साहेबांची भाषा होती, कोर्टात, लष्करात, कॉलेजात डच शेतकऱ्याला किंमत नव्हती, आणि त्याची पोरं आपल्या भाषेत शिकता यावं म्हणून झगडली. दोन्ही खरं आहे. म्हणून माझं म्हणणं, दोन्हीकडच्या घरी जेवा. एक रात्र फूरेनच्या डच घरात राहिलात तर दुसरी रात्र शेजारच्या लिएज बाजूला फ्रेंच घरात राहा. पैसे पण दोन्हीकडे जातील आणि गोष्ट पण दोन्हीकडची कळेल.

१ नोव्हेंबरला बेळगावात काय होतं तुम्ही बघता. एकीकडे मराठी लोकांची काळ्या दिनाची फेरी, दुसरीकडे चन्नम्मा सर्कलला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, लाखानं माणसं. बाहेरचा कॅमेरावाला येतो, दोन्हीतला तणाव तेवढा टिपतो आणि संध्याकाळच्या गाडीनं जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रस्त्यावर भाजीवाली कन्नडमध्ये भाव सांगते आणि गिऱ्हाईक मराठीत कमी कर म्हणतंय, हे त्याच्या रिळात नसतं. तुम्ही तिकडं जाऊन ती भाजीवाली बघा, ही माझी विनंती आहे. सणावाराच्या दिवशी जाण्यापेक्षा बाजाराच्या दिवशी जा.

आणि भेट म्हणून काय नेणार? विमानतळावरचं चॉकलेट त्यांच्याच देशातलं असतं. हुदलीची खादी न्या. १९३७ ला गांधीजी आठवडाभर हुदलीला राहिले होते, तिथं अजून सूत कातलं जातं आणि बायकांना काम मिळतं. गंगाधरराव देशपांडे त्याच हुदलीचे, टिळकांच्या मागे चाललेला माणूस आणि लोक त्यांना कर्नाटक केसरी म्हणायचे, १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन त्यांनीच उभं केलं, गांधीजी अध्यक्ष झालेलं एकमेव अधिवेशन. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्याच अधिवेशनाच्या पाण्यासाठी खोदलेली. असा रुमाल किंवा टॉवेल कुणाच्या हातात दिलात की तुम्हाला तुमच्या गावाची गोष्ट सांगायला सुरुवात मिळते, आणि त्या गोष्टीत मराठी-कन्नड दोघंही आहेत.

गोवावेस_रीडर

वरचं सगळं वाचलं, सुंदर चर्चा. मी वेगळ्या बाजूनं थोडं घालतो, कारण बेल्जियमला जाऊन फक्त भाषेचा प्रश्न बघितला तर अर्धाच देश बघितल्यासारखं होईल. डच आणि फ्रेंच बोलणारे एकमेकांशी हक्कासाठी भांडत होते त्याच काळात दोघं मिळून काँगोवर राज्य करत होते.

ब्रुसेल्सच्या बाहेर टेर्वुरेनला आफ्रिका म्युझियम आहे, माँटगोमेरी स्टेशनहून ट्राम झाडीतून जाते, सरांच्या गुडघ्यांना सोपं. १८८५ ते १९०८ काँगो हा राजा लिओपोल्ड दुसरा याची खाजगी मालमत्ता होता, देशाची नव्हे, एका माणसाची. रबरासाठी गावंच्या गावं वेठीला धरली, कोटा भरला नाही तर हात तोडले, बायकांना ओलीस ठेवलं. त्या पैशातून ब्रुसेल्समधल्या कमानी आणि बागा उभ्या राहिल्या ज्यांच्यासमोर आपले टूरवाले ग्रुप फोटो काढतात. १८९७ च्या प्रदर्शनासाठी २६७ काँगोली माणसं, बायका-पोरं धरून, टेर्वुरेनच्या बागेत आणून झोपड्यांत बसवली, लोकांनी बघायला यावं म्हणून. त्यातले सातजण थंडी-आजारानं मेले. त्यांच्या कबरी तिथल्या चर्चशेजारी आहेत. म्युझियम बघा, पण आधी त्या कबरींपाशी जा, फुलं न्या. मी तरी तसंच केलं.

म्युझियम पाच वर्षं बंद ठेवून बदललं आणि २०१८ च्या डिसेंबरात परत उघडलं. आता तिथं काँगोली कलाकारांचं काम आहे, जुन्या पुतळ्यांबद्दल सरळ लिहिलेलं आहे. सगळ्यांना ते पुरेसं वाटत नाही. तिथल्या काँगोली लोकांचं म्हणणं, वस्तू परत द्या, नुसत्या पाट्या बदलू नका. राजा फिलिप यांनी २०२० ला खेद व्यक्त केला, स्पष्ट माफी मागितली नाही, ह्यावरही वाद आहे. मला काँगोली लोकांचं म्हणणं बरोबर वाटतं.

मग ब्रुसेल्समध्ये मातोंगे भागात जा. काँगोली लोकांची वस्ती, केस कापायची दुकानं, कापडाची दुकानं, तळलेली केळी आणि कसाव्याचा पाला शाकाहारी मिळतो का विचारा, विचारलं की प्रेमानं करून देतात. तिथल्याच तोंडाशी २०१८ पासून पॅट्रिस लुमुंबा यांच्या नावाचा चौक आहे. स्वतंत्र काँगोचे पहिले पंतप्रधान, १७ जानेवारी १९६१ ला त्यांना मारलं, प्रेत ॲसिडमध्ये विरघळवलं, एक दात एका बेल्जियन पोलिसानं ठेवून घेतला होता, तो २०२२ ला घरच्यांना परत मिळाला. १७ जानेवारी, बाई. आपल्याला ती तारीख वेगळ्या कारणानं माहीत आहे, पण चौकात उभं राहिल्यावर आठवल्याशिवाय राहणार नाही.

मातोंगेत काँगोली माणसं स्वतः गाईड म्हणून पायी फिरवतात. असा गाईड घ्या, त्याला पूर्ण पैसे द्या, घासाघीस करू नका.

कॅम्प_मराठा

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतला, रिटायर झाल्यावर बेळगावातच राहिलो, सेंटर इथंच असल्यामुळे. बाई, इटलीपर्यंत जायचा विचार असेल तर बोल्झानो सोडू नका. म्युनिकहून वेरोनाला जाणारी रेल्वे ब्रेनर घाटातून तिथं थांबते, खिडकीतून आल्प्स दिसतात, चढायला काही नाही.

तो भाग ऑस्ट्रियाचा, जर्मन बोलणारा. पहिल्या महायुद्धानंतर इटलीला मिळाला, मुसोलिनीनं जर्मन शाळा बंद केल्या, गावांची नावं बदलली, माणसांची आडनावंसुद्धा. १९३९ ला हिटलर आणि मुसोलिनीनं ठरवलं की ज्याला जर्मन राहायचं त्यानं जर्मनीत जावं, ज्याला घर पाहिजे त्यानं इटालियन व्हावं. घराघरात भांडणं लागली, भाऊ भावाशी बोलेना. बहुतेकांनी जर्मनी निवडला, साधारण ७५ हजार गेले, काही युद्धानंतर परत आले. १९६१ ला तिथं विजेचे खांब बॉम्बनं उडवले. प्रकरण संयुक्त राष्ट्रांत गेलं. १९७२ ला स्वायत्ततेचा नवा कायदा झाला आणि १९९२ ला ऑस्ट्रियानं वाद संपला असं कळवलं. आता सरकारी नोकरी पाहिजे तर दोन्ही भाषांची परीक्षा, नोकऱ्या भाषेच्या लोकसंख्येप्रमाणे वाटलेल्या, पाट्या दोन भाषांत, काही खोऱ्यांत तीन, कारण लादिन नावाची छोटी भाषा पण आहे, तिलाही मान. शाळा मात्र अजून वेगवेगळ्या, आणि तिथले काही तरुण पालक आता म्हणतात एकत्र शाळा पण काढा.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे मुसोलिनीच्या काळातली स्मारकं त्यांनी पाडली नाहीत आणि तशीच मिरवलीही नाहीत. विजयस्मारकाच्या खाली २०१४ ला प्रदर्शन केलंय, हे कुणी, का बांधलं आणि कुणाला दुखावलं ते दोन्ही बाजूंनी सांगणारं. एका सरकारी इमारतीवर घोड्यावरच्या मुसोलिनीचं भलंमोठं शिल्प आहे, त्यावर २०१७ पासून तीन भाषांत दिव्यांची अक्षरं लागतात, विचारवंत हाना आरेंट यांचं वाक्य, आज्ञा पाळण्याचा हक्क कुणालाच नाही. फौजेत आयुष्य काढलेल्या माणसाला ते वाचून विचार करावा लागला.

आणि इटलीत आपली पोरं पडलीत ते विसरू नका. रायगडकडचे यशवंत घाडगे, नगरकडचे नामदेव जाधव, दोघंही मराठा पलटणीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस इटलीतल्या लढाईत, घाडगेंना १९४४ ला मरणोत्तर, जाधवांना १९४५ ला. उंब्रियात माँतोने गावात घाडगेंच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक २०२३ ला उभं केलंय, गावकऱ्यांनी जीव लावून केलंय. फोर्लीला भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे, तिथं ज्यांना अग्नी दिला त्यांच्या नावांचं स्मारकही आहे. वाट वाकडी करून गेलात तर आमच्या सगळ्यांकडून नमस्कार सांगा.

शहापूरची_बाई

तुम्ही सगळ्यांनी एवढं भरभरून लिहिलंय की उत्तर कुठून सुरू करू कळत नाही. आमच्या यांना सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, टेर्वुरेनच्या कबरींचं ऐकून ते म्हणाले तिथं आधी जायचं, बाकी नंतर.

इटली या खेपेला जमणार नाही, व्हिसा हॉलंडचा काढतोय, जास्त दिवस तिथंच राहणार म्हणून, आणि मुलीची रजा कमी. पुढच्या वर्षी नक्की. ह्या वेळी बार्ले संध्याकाळी, ल्यूवेन आणि टेर्वुरेन एकापाठोपाठ, मातोंगेत काँगोली गाईड घेऊन फिरणं, आणि फूरेनला दोन रात्री, अक्कांनी सांगितल्याप्रमाणे एक ह्या घरी आणि एक त्या घरी. वडगावच्या दादांनी सांगितलेली बोट पण आहे.

अक्का, तुमचं १ नोव्हेंबरचं वाचून मी बराच वेळ गप्प होते. आमच्या गल्लीत कन्नड शेजारी नाहीत असं नाही, खरं त्या दिवसाबद्दल आम्ही कधी एकमेकांना विचारलंच नाही. हुदलीला मी एवढी वर्षं बेळगावात राहून कधी गेले नाही. सोबत याल का? मला खादीतलं कळत नाही आणि तिथं काम करणाऱ्या बायकांशी कन्नडमध्ये बोलायला तुम्ही लागाल. ल्यूवेनच्या भाऊंना विचारायचं होतं, रुमाल दिला तर त्या लोकांना चालेल ना, काही वेगळा अर्थ होत नाही ना?

खानापूरचा_ल्यूवेनमध्ये

बाई रुमाल नको, टॉवेल द्या किंवा टेबलावर घालायचं कापड. इथं काही म्हातारी माणसं रुमाल म्हणजे रडण्याची भेट मानतात. टेबलक्लॉथ दिलात तर लगेच घालतील. आणि ल्यूवेनला जेवायला आमच्याकडे, बाहेर नाही.

चिकोडीची_अक्का

येते की! शनिवारी मी बेळगावात असते. सकाळी सीबीटीला हुदलीच्या बसपाशी भेटू, डबा मी आणते, जोळद रोट्टी आणि शेंगा चटणी, सरांना पण घेऊन या.